पिस्टन गेला, पण कशानं?

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, बेलाहून आदिलाबादकडे येताना जैनदच्या पुढे आमची मोटरसायकल बंद पडली. पेट्रोल संपल्यावर पडते तशी नाही. आधी तिचा जोर गेला, पप्पांनी ॲक्सिलरेटर वाढवला तरी ती पुढे सरकेना. मग डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला आणि मागचं चाक कुणीतरी मुठीत पकडावं तसं झालं. पप्पांनी झटक्यात क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. किक मारून पाहिली तर ती दगडासारखी घट्ट. रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली अर्धा तास थांबलो, इंजिन जरा निवलं, तेव्हा किक खाली गेली, पण खरखरत.

ह्याच गाडीला पाच महिन्यांपूर्वी, नाताळच्या आठवड्यात, नवा ब्लॉक-पिस्टन टाकला होता. लेबरसकट साडेपाच हजार रुपये गेले होते. पप्पांनी तिथल्या तिथे निकाल दिला: “त्या पोरानं डुप्लिकेट माल टाकला.” मीही मान डोलावली. त्या मान डोलावण्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

वाङ्मय मंडळाच्या अंकात पिस्टन कशाला, असं आमच्या संपादिकेनं विचारलंच. माझं उत्तर एवढंच होतं की गेल्या वर्षभरात मी सगळ्यात बारकाईनं वाचलेली गोष्ट छापलेली नव्हती, ॲल्युमिनियमची होती. आणि तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त जणांच्या घरी शंभर-सव्वाशे सीसीची एखादी गाडी असणारच, तेव्हा हे उपयोगी पडेल.

तर आधी पिस्टन. शंभर सीसीच्या गाडीचा पिस्टन मुठीत मावतो, व्यास साधारण ५० मिलिमीटर. तो ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळून केलेला असतो. ज्या नळकांड्यात तो वरखाली होतो त्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकच्या आत बिडाची गुळगुळीत नळी असते, तिचं भोक म्हणजे ‘बोर’. पिस्टनच्या डोक्याखाली तीन खाचा आणि त्यांत रिंगा. वरच्या दोन कॉम्प्रेशन धरून ठेवतात, खालची तेल खरवडून परत खाली पाठवते. रिंगांच्या खालचा घेर म्हणजे स्कर्ट, अगदी घागऱ्यासारखाच. आडवी आरपार जाते ती गजन पिन, आणि तिला अडकलेला कनेक्टिंग रॉड.

आता ह्या मुठीएवढ्या वस्तूचं काम बघा. इंजिन ६००० आरपीएमला फिरत असेल तर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर जाऊन खाली येतो, आणि प्रत्येक वेळी दोन्ही टोकांना क्षणभर थांबून उलटा वळतो. डोक्यावर जो जाळ होतो त्याचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आणि पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी, ५७० ते ५८० अंशांच्या आसपास, मऊ होऊन वितळायला लागतो. म्हणजे वितळवणाऱ्या भट्टीत तो रोज बसतो आणि तरी वितळत नाही. कारण जाळ टिकतो क्षणभर, आणि मिळालेली उष्णता तो पटकन दुसऱ्याला देतो. बरीचशी रिंगांतून बोरच्या भिंतीला, भिंतीतून ब्लॉकच्या बाहेरच्या पात्यांना, पात्यांवरून वाऱ्याला. थोडी तेलही घेऊन जातं.

दुसरी गंमत फुगण्याची. ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन दिसतो गोल, पण असतो किंचित लंबगोल, आणि डोक्याकडे जरा बारीक, स्कर्टकडे जरा रुंद. तापला की मग तो बरोबर बोरच्या मापात येतो. थंड असताना स्कर्ट आणि बोर यांच्यामध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच फट असते, माणसाच्या केसापेक्षाही कमी. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो. पिस्टनचं सगळं आयुष्य त्या पापुद्र्यावर घसरण्यात जातं. पापुद्रा फाटला, किंवा पिस्टन मापाबाहेर फुगला, की धातूला धातू लागतो आणि पिस्टन धरतो. ह्यालाच आपण ‘इंजिन जाम झालं’, ‘सीज झालं’ म्हणतो.

आणि इथंच सगळे थांबतात. “का गेला?” विचारलं की उत्तर येतं, “सीज झाला.” पण ताप आला म्हणजे रोग कळला असं होत नाही. सीज होणं हा शेवट आहे. त्याच्या मागं काय होतं ते शोधायचं असतं, नाहीतर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जातो. आमचा गेला तसा.

गाडी टेम्पोत घालून आदिलाबादला आणली ती ह्या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये. हे गॅरेज एका म्हाताऱ्या मेकॅनिकचं आहे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते गिऱ्हाईक बघून मराठी, तेलुगू किंवा दखनी बोलतात, आणि इंजिनशी बोलताना तिन्ही. पप्पांनी डुप्लिकेट मालाची तक्रार सुरू केली तेव्हा त्यांनी हात वर केला: “पहले इसको पूछो, फिर दुकानदार को.” ‘इसको’ म्हणजे इंजिनला.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे काहीच धुतलं नाही. हे मला फार आवडलं. बऱ्याच ठिकाणी इंजिन उघडलं की आधी डिझेलनं किंवा रॉकेलनं चकाचक करतात. तो धुतलेला काळा राब म्हणजे पुरावा असतो. चाचांनी आधी तेल एका स्वच्छ तसराळ्यात काढलं. गाडीत एक लिटरच्या आसपास तेल मावतं, निघालं पाव लिटरहून थोडं जास्त. त्यांनी ते बोटांवर चोळलं, उन्हात धरलं, त्यात बारीक चमक होती. मग प्लग काढून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला, मग हेड, मग ब्लॉक, शेवटी पिस्टन, सगळं ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं. पिस्टनवर खडूनं खूण केली: एक्झॉस्टची बाजू कुठली, इनटेकची कुठली. एकदा बाहेर काढून फिरवला की दिशा हरवते, आणि दिशा हरवली तर अर्धी गोष्ट हरवते.

आमच्या पिस्टनकडे वळण्याआधी चाचांच्या पत्र्याच्या डब्याबद्दल सांगायला हवं. बिस्किटांचा जुना मोठा डबा, त्यात पंधरा-वीस मेलेले पिस्टन. शिकाऊ पोरांना ते हातात देतात आणि विचारतात, हा कशानं मेला? मी तिथं दोन दुपारी बसलो.

पहिला हातात आला त्याच्या स्कर्टवर चारही कोपऱ्यांत, गजन पिनच्या दोन्ही अंगांना, घासल्याच्या चार पट्ट्या होत्या, बाकी पिस्टन नवाकोरा. हा थंड इंजिन सुरू केल्या केल्या पिळल्याचा परिणाम. पिस्टन झपाट्यानं तापतो आणि फुगतो, ब्लॉक अजून थंड असतो. किंवा नव्या बोरमध्ये फट मुळातच कमी ठेवलेली असते. आदिलाबादचा हिवाळा तेलंगणात सगळ्यात कडक, त्यामुळे जानेवारीत सकाळी सातला गाडी काढून थेट चौथ्या गिअरला पळवणारे असे पिस्टन आणून देतात.

दुसरा फक्त एका बाजूनं, एक्झॉस्टच्या बाजूनं, ओरबाडलेला. तिथं आधीच उष्णता जास्त. ब्लॉकच्या पात्यांमध्ये काळी माती भरून वाळली, की वारा आत जात नाही आणि ती बाजू आधी धरते. आपल्याकडची काळी माती पात्यांत बसली की सिमेंटच. पावसाळ्यात शेतातून गाडी आणतात, दिवाळीपर्यंत कुणी धूत नाही.

तिसऱ्यावर घासल्याच्या खुणा तिरप्या होत्या: एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला खाली. म्हणजे कनेक्टिंग रॉडच वाकलेला, पिस्टन आयुष्यभर तिरका चालत होता. असल्या गाडीत दहा पिस्टन टाका, दहाही जातील.

चौथ्याच्या डोक्यावर अर्धचंद्राचे दोन ठसे, व्हॉल्व्ह येऊन आदळल्याचे. टायमिंग चेन ढिली पडून दात सुटला होता. हा ओळखायला लहान मुलालाही जमेल.

सगळ्यात भयंकर दिसतो तो डोक्याला आरपार भोक पडलेला, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. आणि त्याचा सख्खा भाऊ म्हणजे रिंगांमधल्या कडा तुटलेला, डोक्याचा काठ वाळूनं मारल्यासारखा खरबरीत झालेला. दोन्हीत जाळ चुकीच्या पद्धतीनं पेटतो, पण फरक आहे. काठ खरबरीत आणि रिंगांच्या कडा तुटलेल्या असतील तर ठिणगी पडल्यानंतर उरलेलं मिश्रण एकदम स्फोटासारखं पेटत होतं. चढावर वरच्या गिअरला गाडी ओढताना जो टकटक आवाज येतो, तो हाच. डोकं मध्येच वितळलं असेल तर बहुधा ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटत होतं. कारण आत काहीतरी लाल होऊन बसलं होतं: चुकीच्या नंबरचा गरम प्लग, किंवा कार्बनचा निखारा. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं तरी उष्णता वाढते. कार्बोरेटरच्या मागचा रबरी जॉइंट चिरला की तिथून चोरून हवा शिरते. अशा वेळी प्लगचं चिनी मातीचं टोक पांढरंफटक दिसतं. बरं चाललेल्या इंजिनाचं टोक हलक्या विटकरी-तपकिरी रंगाचं असतं, जास्त पेट्रोल पिणाऱ्याचं काजळीनं काळं, आणि तेल जाळणाऱ्याचं ओलं, चिकट.

गॅरेजमध्ये बसलेल्या सगळ्यांचं मत मात्र एकच होतं: पेट्रोल. “आजकालच्या पेट्रोलमध्ये काही राहिलं नाही, सगळं इथेनॉल.” ई-२० पेट्रोलची विक्री २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हापासून पंक्चरसुद्धा इथेनॉलमुळेच होतं अशी लोकांची खात्री आहे. ह्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तेच जेट ठेवून ते जाळलं तर मिश्रण किंचित हवेकडे झुकतं. जुन्या रबरी भागांनाही ते मानवत नाही, आणि ते पाणी ओढून घेतं. पण त्याच इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वरचा आहे, म्हणजे ती स्फोटासारखी टकटक उलट कमी व्हायला हवी. तेव्हा रिंगांच्या कडा तुटलेला पिस्टन दाखवून “इथेनॉल” म्हणणं बरोबर नाही. पिस्टन बघून बोलायला हवं, बातम्या बघून नाही.

आता आमचा पिस्टन. डोक्यावर ओलसर काळा कार्बनचा थर. भोक नाही, कडा शाबूत, व्हॉल्व्हचे ठसे नाहीत. इतकी कारणं तिथंच गळाली. स्कर्टवर मात्र सगळीकडून ॲल्युमिनियम फरफटलेलं, एका बाजूला नाही, चारी बाजूंनी. कॅमशाफ्टवर ओरखडे, गजन पिन निळसर पडलेली. पोलाद निळं पडतं ते तापून, आणि गजन पिन एवढी तापते ती तिला तेल मिळालं नाही की. तसराळ्यातलं पाव लिटर तेल समोर होतंच. उत्तर सरळ होतं: तेल संपत आलं, पंपानं हवा ओढली, आणि ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात इंजिन कोरडं चाललं.

पप्पा म्हणाले, “म्हणजे त्यानं तेल कमी भरलं?” पण पाच महिने कमी तेलावर गाडी चालली नसती. चाचांनी विचारलं, खाली गळती? नाही, पार्किंगची फरशी स्वच्छ असते. धूर? पप्पा जरा गप्प राहिले. मग म्हणाले, सकाळी सकाळी निळसर यायचा, मार्चपासून. तेल बघितलं होतं का? नाही.

इथं एक सांगतो. मेकॅनिकसमोर माणूस कन्फेशनपेक्षा जास्त लपवतो. तेल बघितलं का, ट्रिपल सीट जाता का, सामान किती लादता, मध्ये कुणी उघडलं होतं का, सगळ्याला उत्तर ‘नाही’. डॉक्टरला खोटं सांगणाऱ्याचं जे होतं तेच इथं होतं, फक्त औषधाऐवजी किट.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय. तेल वर येतं ते मुख्यतः दोन वाटांनी: व्हॉल्व्हच्या सीलमधून, किंवा झिजलेल्या रिंगांमधून. मग चाचांनी भिंग घेऊन पिस्टन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, फरफटलेल्या जागा सोड, मधल्या जागा बघ. मी बघितलं आणि मला पहिल्यांदा ‘वाचल्या’सारखं वाटलं. जिथं ॲल्युमिनियम फरफटलं नव्हतं तिथं स्कर्ट चकाकत नव्हता. तो राखाडी, निस्तेज होता, आणि त्यावर वरून खाली, अगदी सरळ, एकसारख्या केसासारख्या बारीक रेघा होत्या. शेकडो. फरफटल्याचे डाग ह्या रेघांच्या वर पडले होते. म्हणजे रेघा आधीच्या, डाग नंतरचे. जुन्या हस्तलिखितात कुठली शाई आधीची हे बघतात तसंच. सीज होणं एका मिनिटाचं काम, रेघा काही महिन्यांच्या.

अशा रेघा ओढते ती धूळ. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि क्वार्ट्झ बिडापेक्षाही कठीण. तेलात मिसळून त्यांची पॉलिश पेपरसारखी लापशी होते आणि ती रिंगा, पिस्टन, बोर सगळ्यांना घासत बसते. रिंग झिजली की तिची तिन्ही कामं बिघडतात. कॉम्प्रेशन खाली निसटतं, तेल वर चढतं, आणि पिस्टनची उष्णता भिंतीकडे नीट जात नाही.

हे अंदाजानं म्हणायचं नव्हतं, मोजायचं होतं. वरची रिंग काढून बोरमध्ये सरळ बसवली, पिस्टननंच थोडी खाली ढकलली, आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पाती घालून बघितली. एवढ्या बोरला नव्या रिंगची फट साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते, अर्ध्यापर्यंत गेली की रिंग टाकून द्यायची. आमची ०.९ होती. पाच महिन्यांत! बोरच्या वरच्या टोकाला, जिथं वरची रिंग उलटी वळते, तिथं नखाला लागेल एवढी पायरी पडली होती.

मग चाचांनी खालची ऑइल रिंग दाखवली. ती त्या मानानं बरी होती. हा मला त्या दुपारचा सगळ्यात सुंदर मुद्दा वाटला. धूळ जर तेलातून आली असती, म्हणजे घाणेरडं तेल, किंवा इंजिन बांधताना आत राहिलेली घाण, तर खालची रिंग आणि स्कर्टचा खालचा भाग आधी झिजला असता. वरची रिंग जास्त झिजली म्हणजे धूळ वरून आली, हवेबरोबर. एका झटक्यात पहिल्या मेकॅनिकवरचा मोठा आरोप गळून पडला. आणि पिस्टनच्या आतल्या बाजूला कंपनीची खूण होती, कच्चा माल ओरिजिनल होता.

पण हवेबरोबर म्हणजे कुठून? चाचा कार्बोरेटरपासून उलटे मागं गेले. कार्बोरेटरच्या तोंडात बोट फिरवलं. मग रबरी नळीत. मग फिल्टरच्या डब्यात, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, जी बाजू स्वच्छच असायला हवी. बोट बाहेर आलं ते पिठासारख्या बारीक काळपट धुळीनं माखलेलं. ही तपासणी तुम्ही आज घरी करू शकता. फिल्टरनंतरच्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर पिस्टनचे दिवस भरत आले.

फिल्टर बाहेर काढला. आमच्या जुन्या गाडीला फोमचा फिल्टर आहे. फोम नुसता गाळणी म्हणून काम करत नाही. त्याची भोकं धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात. तो तेलात बुडवून, पिळून, ओलसर बसवायचा असतो, म्हणजे धूळ तेलाला चिकटते. आमचा फोम कोरडा ठणठणीत होता, आणि त्याची एक कड दुमडून आत गेली होती. तिथून बोट जाईल एवढी वाट.

“किसने साफ किया ये?”

मी. त्याच्या आदल्या सप्टेंबरमध्ये, सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा, एक व्हिडिओ बघून. कपड्यांच्या साबणानं स्वच्छ धुतला, गच्चीवर वाळवला आणि कोरडाच परत बसवला. आईला फोटोही दाखवला होता, बघ किती पांढरा झाला. तेल लावायचं असतं हे व्हिडिओत शेवटी होतं, मी तोवर उठलो होतो. मग आला कापसाचा हंगाम, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांमागून बेला रस्त्यावर पप्पा रोज जाऊन येऊन. डिसेंबरमध्ये पहिला पिस्टन गेला. त्या वेळी पहिल्या मेकॅनिकनं किट बदललं आणि फिल्टरचा डबा उघडला नाही, ही त्याची चूक. तोच फिल्टर, तीच दुमडलेली कड, आणि पुढचे पाच महिने उन्हाळ्याची धूळ.

म्हणजे साखळी अशी झाली: कोरडा फोम, धूळ, झिजलेल्या रिंगा, जळत गेलेलं तेल, कुणीच न पाहिलेली डिपस्टिक, आणि जैनदच्या पुढचा तो खडखडाट. ह्यातली शेवटची कडी फक्त दिसते. मधली एकही तोडली असती तरी इंजिन वाचलं असतं. मार्चमध्ये निळा धूर दिसला तेव्हा नुसतं तेल भरत राहिलो असतो तरी सीज झालं नसतं, फक्त रिंगा गेल्या असत्या.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली तेव्हा तिच्या जाहिरातीची ओळ होती: फिल इट, शट इट, फर्गेट इट. टू-स्ट्रोकच्या जमान्यात पेट्रोलमधल्या तेलाची काळजी करणाऱ्या लोकांना ती फार मोठी सुटका वाटली असणार. जाहिरात पेट्रोलबद्दल होती. आपण मात्र ‘फर्गेट इट’ तेलालाही लावलं आणि फिल्टरलाही.

इंग्रजी घेतलेल्यांना रॉबर्ट पर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ माहीत असेल, १९७४ चं. त्यात निवेदकाची गाडी सीज होते तो भाग मी पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान शोधत वाचला आणि मेकॅनिकचा मुद्दा सोडून दिला. आता परत वाचला. तिथला मेकॅनिक इंजिनचा आवाज नीट ऐकायच्या आधीच ‘टॅपेट’ म्हणून मोकळा होतो. आवाज असतो पिस्टनचा. (फरक ऐकू येतो: सैल पिस्टन थंड असताना ठोके देतो आणि तापला की शांत होतो, टॅपेटची टिकटिक गरम इंजिनातही चालूच असते.) बरीच दुरुस्ती आणि बरेच पैसे झाल्यावर निवेदकाला स्वतःलाच कारण सापडतं: तेलाच्या वाटेवरची पंचवीस सेंटची एक पिन तुटलेली. आमची पिन म्हणजे वीस रुपयांचं तेल, फोमला लावायचं.

ब्लॉक लेथवर नेऊन बोर केला. बोर झिजला की तो किंचित मोठा करून पाव मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन बसवतात. पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर अशी मापं असतात, शंभरच्या पुढे नवी स्लीव्ह. आमचं पंचवीसला भागलं नाही, पायरी खोल होती, पन्नास टाकावा लागला. कॅमशाफ्टही नवा. तेलाच्या सगळ्या वाटा, पंप, जाळी धुऊन काढली, कारण आत राहिलेली ती लापशी नव्या रिंगांना आठवड्यात खाऊ शकते. आणि नवा फोम, माझ्या हातानं, तेलात बुडवून, पिळून.

तुमची गाडी अशी उघडायची वेळ आली तर जुना पिस्टन, रिंगा आणि फिल्टर मागून घ्या. काम सुरू होताना उभे राहा. “का गेला?” विचारा, आणि “सीज झाला” एवढ्यावर समाधान मानू नका. कॉम्प्रेशनबद्दल शंका असेल तर साधी युक्ती आहे. पिस्टन उघडण्याआधी प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून परत कॉम्प्रेशन बघायचं. वाढलं तर दोष रिंगांत, नाही वाढलं तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. आणि चालू गाडीचा जोर अचानक गेला तर पिळू नका. क्लच दाबा, बाजूला घ्या, निवू द्या, आणि सगळ्यात आधी डिपस्टिक बघा.

पप्पांना मी गॅरेजमध्येच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चाचांना म्हणाले, ह्याला कॉलेजात हे शिकवत नाहीत. मात्र पाच महिन्यांत त्यांनी त्या पहिल्या मेकॅनिकबद्दल निदान दहा जणांना सांगितलं होतं, आणि त्यातल्या दोघांना मीही. मी मेच्या शेवटी त्याच्याकडे गेलो. जुना फोम पिशवीत घेऊन गेलो होतो. त्यानं तो दुमडलेला भाग बोटानं सरळ केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “डबा मीच उघडायला पाहिजे होता.” मग पोराला हाक मारून तो फोम दाखवायला घेऊन गेला. परत मागायला मला जमलं नाही.

जुना पिस्टन मात्र माझ्याकडे आहे, होस्टेलच्या टेबलावर, पेनं ठेवायला. रेघा अजून दिसतात, टेबल लॅम्प तिरपा धरला की.